पायातली जुनी सही

दंडोबा डोंगराच्या चढावर रुचिता खोतचा उजवा पाय पुन्हा रेंगाळला, तेव्हा तिनं त्याला चक्क शिवी घातली. आजूबाजूला ऐकायला फक्त एक मोर होता आणि तोही पाठमोरा होता.

मांडीच्या मध्यापासून खाली तो पाय कार्बनच्या नळीचा होता. वर नारळाएवढा गुडघा आणि गुडघ्याच्या आत नखाएवढं एक कार्ड. दोन वर्षांपूर्वी वणवा विझवायला निघालेली जीप वळणावर उलटली, त्यात तिचा मूळचा पाय गेला. हा नवा येऊन दोन महिने झाले होते. चढायला चांगला, उतरायला चांगला, दगडगोट्यांत ठेचकाळायचा नाही. पण खांद्याला पाण्याची पिशवी लावली आणि हातात काठी घेतली, की याला काय व्हायचं कोण जाणे. पाऊल आखडतं घ्यायचा. रुचिता पुढं झुकलेली आणि पाय आपला निवांत, मागं.

"वरातीत निघालायस का रे?" ती त्याला म्हणाली आणि घड्याळ बघून तिचं तोंड कडू झालं.

येत्या सोमवारी तिची परीक्षा होती. वनरक्षकाचं सगळं सामान अंगावर घेऊन, ठरलेल्या वेळात, ठरलेलं अंतर चालायचं. पास झाली तर पुन्हा डोंगर, नापास झाली तर कचेरीतली खुर्ची. साहेब मनानं भले, त्यांनी खुर्ची आधीच बघून ठेवली होती, खिडकीजवळची. त्या खुर्चीचा विषय निघाला की रुचिता तिथून उठून जायची. खोकडाची बिळं कुठल्या ओघळीत आहेत हे माहीत असलेल्या माणसानं दिवसभर टपालावर शिक्के मारत बसायचं म्हणजे काय!

बुधवारी ती मिरजेला, एका ट्रस्टच्या कृत्रिम अवयव केंद्रात जाऊन धडकली. तिथं बसवराज कोरे सगळ्यांचे पाय जोडत आणि दुरुस्त करत असत. सगळे त्यांना बसूअण्णा म्हणायचे.

"अण्णा, हा पाय माझं ऐकत नाही."

"पाय कुणाचंच ऐकत न्हाई. तो बघतो आन् शिकतो," अण्णा गुडघ्याचं झाकण उघडत म्हणाले. "काय करतोय?"

तिनं सांगितलं. अण्णांनी मोटार तपासली, बिजागरी तपासली, तारा ओढून पाहिल्या. सगळं ठणठणीत. मग ते स्टुलावर बसून, पाय मांडीवर घेऊन बोलायला लागले. या विषयावर त्यांना बोलायला मिळालं की ते खूश असायचे.

जुन्या काळच्या गुडघ्यात नुसती स्प्रिंग असे. हा गुडघा मात्र दर पावलाला मोजमाप घेतो. वजन कुठं पडलं, मांडीचा स्नायू किती ताणला, धड कुठल्या बाजूला कललं. रात्री चार्जिंगला लावला की दिवसभराच्या त्या मोजमापातून सवय तेवढी वेगळी काढतो आणि कार्डावर साठवतो. माणूस जसा चालतो तसाच तो हळूहळू होत जातो. शिवाय त्याला जागाही लक्षात राहतात. प्रत्येक गल्लीतलं लोखंड वेगळं असतं. खिडक्यांच्या जाळ्या, दुकानांची शटरं, जमिनीतले पाइप. या सगळ्यामुळं गुडघ्यातल्या बारक्या होकायंत्राची सुई जागोजागी थोडी थोडी ढळते. गुडघा ती ढळलेली सुई ओळखतो.

"तुझ्या घराची पायरी यायच्या दोन पावलं आधी हा सैल पडतो, ध्यानात आलंय का?"

आलं होतं. पहिल्यांदा जाणवलं तेव्हा तिला आपल्या पायाचं भारी कौतुक वाटलं होतं.

"म्हंजे मी चढलेल्या पायऱ्या त्याला पाठ?"

"व्हय. न चढलेल्या कशा कळतील? देव न्हाई तो." अण्णांनी झाकण लावलं. "यंत्रात काय दोष न्हाई बघ. मनात भीती असली तर ती पायात उतरती. तुझीच सवय आसंल."

रुचिताला राग आला. भीती म्हणे! जीप उलटल्यावर फुटक्या काचेतून तिनं ड्रायव्हरला स्वतः बाहेर ओढलं होतं. पण अण्णांशी वाद घालणं तिच्या जिवावर आलं. पाय चढवून ती बाहेर पडली.

मोठा रस्ता गटाराच्या कामासाठी खणून ठेवला होता. रिक्षा मिळेना. कुणीतरी सांगितलं, सतारी करणाऱ्यांच्या गल्लीतून जा, लवकर पोचशील. ती भोसे गावची पोर. मिरजेला येणं म्हणजे दवाखाना आणि स्टँड, एवढंच. या गल्लीत तिनं जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. पत्र्यांवर मोठाले भोपळे वाळत पडले होते, हवेत लाखेचा वास होता आणि कुठंतरी कुणी एकच तार पुन्हा पुन्हा छेडून बघत होतं.

चालता चालता गुडघा सैल पडला.

रुचिता थांबली. समोर सपाट रस्ता, एक हातगाडी, बाकी काही नाही. दोन पावलं टाकली आणि हातगाडीच्या पलीकडे तिला दगडी पायरी दिसली. गल्ली तिथून एक पायरी वर चढत होती.

योगायोग असेल, ती स्वतःशी म्हणाली. पण तिचे कान टवकारले होते. जंगलात एखादं ताजं पाऊल मातीत उमटलेलं दिसलं की तिला जसं व्हायचं, अगदी तसं झालं. तिनं डोळे किलकिले केले आणि चालायला लागली. गुडघा पुन्हा सैल पडला, मग फरशीची उघडी कड आली. गुडघा ताठ झाला आणि उतार आला. चौकात ती मुद्दाम डावीकडं वळली. पाय गोंधळला, नेहमीच्या ठोकळ चालीवर आला. माघारी येऊन उजवीकडं वळली, तसा पाय पुन्हा जाणता झाला. तो तिला वाट सांगत होता असं नाही. ती वाट त्याला आधीपासून माहीत होती, एवढंच.

निळ्या दाराच्या एका घरासमोर गुडघा पुरता वाकला. उंच दगडी उंबरा होता. इतका उंच की सवय नसलेला माणूस अडखळलाच असता. रुचिता दारात घटकाभर उभी राहिली आणि आत न जाता आल्या पावली केंद्रात परतली.

"अण्णा," ती धापा टाकत म्हणाली, "न चढलेल्या पायऱ्या माहितेत याला."

अण्णा हसले नाहीत. त्यांनी कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं आणि पडद्यावरच्या नोंदी एकेक करून तपासल्या. मग त्यांचा चेहरा पडला.

"माझं चुकलं गं," ते म्हणाले.

"काय झालं?"

"हे कार्ड म्हंजे एक रान समज. आन् रानाचा सातबारा असतो तसा कार्डाच्या सुरवातीला एक तक्ता असतो. कुठनं कुठपर्यंत कुणाचं, ते त्यात लिवल्यालं. कंपनीकडनं पाय चालवायच्या प्रोग्रॅमची जी तयार नक्कल, म्हंजे इमेज, येती ती लहान, कार्ड मोठं. इमेज कार्डावर उतरवली की पुढचा कोपरा तेवढा नांगरला जातो आन् दोनच कुंपणांचा नवा सातबारा तयार होतो, एवढंच रान हाय म्हणून. मागचं रान कागदावर राहत न्हाई. पण जागेवर असतंयच की!"

"मग?"

"मग पाय सुरू केला की बोंबलतो, सवय ठेवायला जागा न्हाई. म्हणून मी हातानं तिसरं कुंपण घालतो, पार शेवटच्या बांधापर्यंत. दर खेपेला जिथनं घालायचं तिथनंच. आता त्या रानात आदल्या मालकाचं पीक उभं असलं, आन् कुंपण बरोब्बर त्याच रेघेवर पडलं, तर ते पीक नव्या मालकाचं ठरतं. तुझ्या पायाला वाटलं, ही रुचिताचीच सवय."

"पण माझ्या कार्डात आदला मालक आला कुठनं?"

अण्णा ओशाळले. माणूस गेला की घरचे लोक पाय केंद्रात आणून देतात, दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडावा म्हणून. गुडघा झिजलेला असतो, कार्ड मात्र चांगलं असतं. घाम, धूळ, धक्के सोसणारी ही कार्डं लवकर मिळत नाहीत, म्हणून ती पुन्हा वापरायची इथली रीत. आणि तिसरं कुंपण घालताना जुनं काही सापडलं तर कॉम्प्युटर विचारतोच. अण्णांनी तिला पडदा दाखवला. तिथं लिहिलं होतं, 'या जागी जुनी सही सापडली. पुसायची का?' सही म्हणजे इथं आधी कुणाच्या तरी नोंदी होत्या याची खूण.

"आन् तुम्ही काय म्हणालात?"

अण्णांनी पडद्याच्या वर चिकटवलेल्या पट्टीकडं बोट केलं. त्यांच्याच अक्षरात होतं, 'कुणाची चाल पुसायची नाही.' दुरुस्तीला आलेल्या पायात पुष्कळदा नुसता तक्ता बिघडलेला असतो, आतली सवय शाबूत असते. एकदा घाईत त्यांनी 'हो' म्हटलं आणि डोंगरवाटा तुडवणारा एक धनगर म्हातारा घरातल्या घरात पडायला लागला. तेव्हापासून त्यांचं बोट आपोआप 'नाही'वर जायचं. दुरुस्तीत ते बरोबरच होतं. नव्या माणसाच्या वेळी मात्र घात झाला.

"म्हंजे दोन महिने मी दुसऱ्याच्या पायानं चालतेय!"

"पाय तुझाच. सवय दुसऱ्याची, लई वर्षांची मुरलेली. तुझी तिच्यावर नुसती पातळ साय धरलीय." अण्णांनी माउस हातात घेतला. "आत्ता पुसतो. सगळ्या कार्डावर शून्यं लिहितो, मागं काय शिल्लक राहणार न्हाई. चार दिवस घासून चाललीस तर सोमवारपर्यंत तयार होशील."

रुचिता हो म्हणणारच होती. तिच्या डोळ्यांपुढं तो उंच उंबरा आला. गुडघा किती विश्वासानं वाकला होता!

"उद्या पुसा."

"एक दिवस वाया जाईल गं. तुझी नोकरी हाय."

"जाऊ दे. कुणाचं तरी आहे हे. न विचारता कसं पुसायचं?"

"नाव सांगता यायचं न्हाई मला. नियम हाय."

"नाव कशाला पाहिजे, अण्णा? पायाला घर माहितेय."

गुरुवारी सकाळी निळं दार उघडंच होतं. रुचितानं उंबरा ओलांडला. आत छोट्याशा अंगणात एक म्हातारी बाई पितळी तारेचं भेंडोळं बोटांनी चाचपत, गुंता सोडवत बसल्या होत्या. डोळे उघडे होते, पण नजर कुठंच टेकलेली नव्हती. रुचिता दोन पावलं पुढं आली आणि बाईंची बोटं थांबली.

"कोण हाय?"

"मी रुचिता खोत. भोशाची."

"परत चाल बघू, बेटी."

रुचिता दारापर्यंत गेली आणि परत आली. बाई मान कलती करून, तार जुळवताना ऐकावं तशा ऐकत होत्या. मग रुचितानं त्यांच्याजवळ बसून सगळं सांगितलं. कार्ड, सातबारा, जुनी सही, अण्णांची पट्टी. सांगताना तिला भीती वाटत होती. बाई रडल्या तर काय करायचं हे तिनं ठरवलं नव्हतं.

बाईंना गल्लीत सगळे जैबूनचाची म्हणायचे. त्या रडल्या नाहीत. ती जुनी सही त्यांच्या नवऱ्याची होती, तंबोरे करणाऱ्या दस्तगीर शिकलगारांची. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. चाची उठल्या, चाचपत आल्या आणि त्यांनी रुचिताच्या उजव्या दंडाला धरलं.

"चल, टोकाच्या बेकरीपर्यंत जाऊन येऊ."

हात दंडावर पडला मात्र, गुडघ्यानं पाऊल आखडलं. दंडोबावर जे रुचिताला नकोसं व्हायचं, तेच हे. पण आता ते आखडतं पाऊल चाचींच्या पावलाशी तंतोतंत जुळलं. पिशवीचा पट्टा, काठीचा झोक, या सगळ्यात पायाला दोन महिने हा हात भासत होता तर! रुचिता थक्क झाली. दोघी गल्लीतून निघाल्या. पायरी आली की गुडघा आधीच सैल पडायचा, चाचींना दंडातून ते कळायचं आणि त्याही पाऊल उचलायच्या. कुणाला काही बोलावं लागत नव्हतं.

"फार संथ चालायचे का हो ते?" तिनं विचारलं.

"ते?" चाची खळखळून हसल्या. "एका पायावर बी वाऱ्यागत पळायचे. ही चाल त्यांची न्हाई, माझी हाय. माझी नजर गेली तसं माझं पाऊल आखडलं. रोज सांगायची मी त्यांना, दमानं चला, दमानं चला. रोज करवादायचे, बेकरी बंद होईल म्हणून. त्यांनी कवा ऐकलं न्हाई. मशिनीनं ऐकलं तेवढं."

रुचिता चालता चालता थांबली. अण्णांचं बोलणं तिला आठवलं.

"चाची, मशीन आपणहून काही शिकत नाही. माणूस जसा चालतो, तसं ते होतं. ते खरंच हळू चालल्याशिवाय पाय हळू चालायला शिकलाच नसता. आणि एकदा-दोनदा नाही, रोज. लई वर्षांची सवय आहे म्हणाले अण्णा."

चाचींचा हात दंडावर घट्ट झाला. बेकरीतून भाजलेल्या नानकटाईचा वास येत होता. पोरं सायकलवरून ओरडत गेली. चाची त्या गोंगाटात नुसत्या उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही उमटत गेलं, की रुचितानं नजर दुसरीकडं वळवली.

"तोंडानं करवादायचे," चाची शेवटी म्हणाल्या, "आन् पायानं ऐकायचे. बघ की माणूस!"

नानकटाई घेऊन त्या परतल्या. उंबऱ्याशी चाचींनी विचारलं, "तुझी परीक्षा कधी म्हणालीस?"

"सोमवारी. पण चाची, हे सगळं दुसऱ्या कार्डावर उतरवून तुमच्याकडं ठेवता येईल. मी अण्णांना सांगते."

"आन् मी काय करू त्याचं? डबीत ठेवू? डबीतली चाल कुठं जाणार?" त्यांनी रुचिताच्या पाठीवर थाप मारली. "पूस. मला कळायचं ते कळलं. आन् चाल माझी हाय म्हटलं ना तुला? मी हाय की अजून."

दुपारी अण्णांनी सगळ्या कार्डावर शून्यं लिहिली. मग इमेज उतरवली, तिसरं कुंपण घातलं. या वेळी कॉम्प्युटरनं काहीच विचारलं नाही. पाय चढवून रुचिता उभी राहिली तर तो अगदी कोरा, बथ्थड. केंद्राच्या पायरीवर ती आपटता आपटता वाचली. सोमवारपर्यंत ती पहाटेपासून अंधार पडेपर्यंत चालली. मांडी सोलवटली, दोनदा ती चक्क रस्त्यात बसून रडली आणि एकदा तर तिला वाटलं, आपण उगाच शहाणपणा केला, बुधवारीच पुसायला हवं होतं. एका दिवसाचं मोल तिला तेव्हा कळलं.

परीक्षेत ती वेळेच्या जेमतेम आत पोचली. साहेबांनी घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि खिडकीजवळची खुर्ची दुसऱ्या कुणाला देऊन टाकली.

गुरुवार तिच्या सुट्टीचा वार. पहिल्या गुरुवारी ती चाचींना निकाल सांगायला गेली आणि दोघी बेकरीला जाऊन आल्या. पुढच्या गुरुवारी काही कारण नव्हतं, तरी गेली. मग जातच राहिली. सुरवातीला कोरा पाय गल्लीत सारखा चुकायचा. चाची दंड धरून करवादायच्या, "दमानं, बेटी, दमानं." रुचिता प्रत्येक पाऊल मोजून टाकायची आणि बेकरीला पोचेपर्यंत घामाघूम व्हायची.

थंडी सरता सरता एक दिवस दंडोबाच्या ओघळीपाशी लाकडाची मोळी घेतलेली एक म्हातारी तिला भेटली. ओघळ ओलांडायला तिनं हात मागितला. रुचितानं उजवा दंड पुढं केला. म्हातारीची बोटं त्यावर टेकली आणि रुचिताच्या मनात काही यायच्या आधीच पाय आखडला. दोन संथ पावलं, एक छोटा थांबा, मग पुन्हा दोन. म्हातारी पलीकडं पोचून निघूनही गेली. रुचिता मात्र ओघळीत तशीच उभी होती.

गुरुवारी ती आधी केंद्रात गेली.

"अण्णा, नीट पुसलं होतंत ना? ते परत आलंय."

अण्णांनी कार्ड लावलं. रान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धुंडाळलं. जुनी सही कुठंच नव्हती. सगळ्या नोंदी परीक्षेआधीच्या गुरुवारपासून पुढच्या, रुचिताच्याच. त्यात दर गुरुवारी संध्याकाळी एक संथ चाल होती, आधी वेडीवाकडी, मग सुधारत गेलेली.

"हे त्यांचं न्हाई. हे तू शिकवलंयस त्याला," अण्णा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "डोंगरावर अडचण हुईत आसंल तर तेवढीच सवय वेगळी काढून पुसता येती. पुसू?"

रुचितानं पडद्यावरच्या त्या वेड्यावाकड्या रेघा पाहिल्या. मग वरची पट्टी पाहिली.

"नको. पाय जोडा पटकन, अण्णा," ती म्हणाली. "बेकरी बंद होईल, चाची करवादतील."